पाऊस सगळ्यांना सारखाच म्हणे!

आधीच सांगते, डोकं फिरलंय, त्यामुळे शुद्धलेखन वगैरे बघत बसू नका. दोन दिवसांची फील्ड आर्चरीची चॅम्पियनशिप खेळून काल रात्री घरी आलेय, दोन्ही दिवस पाऊस, बूट अजून ओले आहेत, आणि राग पावसाचा नाहीये हां, पाऊस पडणारच, त्याचं कामच ते. राग आलाय एका वाक्याचा. दोन दिवसांत किमान वीस वेळा ऐकलं असेल. "अगं, पाऊस सगळ्यांना सारखाच आहे ना!"

नाही. नाहीये सारखा. कोणी सांगितलं तुम्हाला सारखा असतो म्हणून?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीव्हीवर दिसते ती टार्गेट आर्चरी, सपाट मैदान, एका ओळीत सगळे उभे, समोर ७० मीटरवर टार्गेट. फील्ड म्हणजे झाडीत, डोंगरउतारावर, २४ टार्गेट, प्रत्येकाला तीन बाण, सगळं सामान अंगावर घेऊन चालत चालत. पहिल्या दिवशी अंतरं सांगत नाहीत, डोळ्यांनी ओळखायची, रेंजफाइंडर चालत नाही. दुसऱ्या दिवशी पेगवर, म्हणजे उभं राहायच्या जागी ठोकलेल्या खुंटीवर, अंतर लिहिलेलं असतं. पिवळ्याच्या आतल्या गोलाला ६, बाहेरच्या पिवळ्याला ५, मग काळ्यात ४ पासून १ पर्यंत. सगळेच्या सगळे बाण आत बसले तर दिवसाचे ४३२ होतात. माझे किती झाले ते विचारू नका, विचारलंत तर ब्लॉक करेन.

आता मुद्द्याचं. सगळे ग्रुप पहिल्या टार्गेटवरून सुरू करत नाहीत. कोणाला ३ वरून सोडतात, कोणाला १७ वरून, आणि मग गोल फिरत आपापली २४ पूर्ण करायची. म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे ग्रुप वेगवेगळ्या ठिकाणी असतात. आता मला सांगा, पहिल्या दिवशी सकाळी आभाळ फाटल्यासारखं कोसळायला लागलं तेव्हा आम्ही चौघी कुठे होतो? उघड्या उतारावर, खाली दरीकडे मारायचं टार्गेट, ८० सेंटिमीटरचा फेस, म्हणजे टार्गेटवरचा गोलांचा कागद, ४० मीटर असेल की ४५ असेल या वादात. आणि आमच्याच कॅटेगरीतला दुसरा ग्रुप कुठे होता? दाट झाडीत, वरती पानांचं छप्पर, २० सेंटिमीटरचे छोटे फेस, दहा मीटरच्या आत. त्यांच्या अंगावर पडले असतील चार थेंब. आणि तासा-दीड तासाने ते लोक आमच्या त्या उताराच्या टार्गेटवर आले तेव्हा ऊन पडलं होतं. ऊन! सावल्या दिसत होत्या झाडांच्या! आम्ही तेव्हा पलीकडून जात होतो, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, बया गॉगल लावून मारत होती.

मग सारखा कसा हो पाऊस?

नाचता येईना अंगण वाकडं म्हणाल तर खुशाल म्हणा, पण इथे अंगण खरंच वाकडं असतं, मुद्दाम वाकडं शोधून तिथेच पेग ठोकतात, एक पाय वर, एक पाय खाली, त्यात चिखल. उजवा पाय प्रत्येक बाणाला इंचभर सरकत होता. पूर्ण खेचून अँकरला आलेय, म्हणजे हात चेहऱ्याला टेकलाय, आता सोडणार, की बूट सर्रर्र. बाण न सोडता धनुष्य उतरवा, परत पाय रोवा, परत खेचा. आणि तीन बाणांना वेळ मिळतो तीन मिनिटं. कोरड्यात तीन मिनिटं म्हणजे चिक्कार, पावसात कुठे जातात कळत नाही.

त्यात मी चष्मेवाली. चष्मेवाल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. टोपीच्या झाकणाने वरचा पाऊस अडतो पण वाऱ्याबरोबर आडवा येणारा कोण अडवणार? पहिल्या दोन टार्गेटला रुमाल कोरडा होता तोपर्यंत पुसला की दिसायचं. नंतर रुमालच ओला, मग पुसणं म्हणजे काचेवर पाणी नीट पसरवून देणं. टार्गेटचं पिवळं असं फुटलेल्या बल्बासारखं दिसायचं, मधोमध नाही, सगळीकडेच. बरं दुर्बीण वापरायला परवानगी आहे, तर दुर्बीण आतून धुकटलेली. आणि अंतर ओळखायचं या डोळ्यांनी. काळवंडलेल्या ओल्या झाडीत सगळंच लांब वाटतं, मी ३५ धरलं की बाण टार्गेटच्या डोक्यावरून मागच्या मातीत. मग पुढच्या टार्गेटला शहाणपणा करून पाच मीटर कमी धरले, तर बाण खाली.

खाली का, तर ते आणखी एक. दोरी पाणी पिते. कितीही मेण चोळा, तासाभराच्या पावसात पिते म्हणजे पितेच. दोरी जड झाली की बाण हळू सुटतो आणि खाली बसतो. पण किती खाली? हे काही सांगता येत नाही, कारण मधे पाच मिनिटं पाऊस थांबतो, थोडी वाळते, परत भिजते. म्हणून बाण लावायच्या आधी दोरी बोटाने दोन-तीनदा छेडून पाणी झटकून टाकायचं, असं सगळे सांगतात. मीही करते. दोरीवरचं पाणी जातं कुठे? चष्म्यावर!

आणि मी मारते ते बेअरबो म्हणजे काय ते माहितीये ना? नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळायचे लांब दांडे नाहीत, काही नाही, दोरी काढलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून आरपार गेलं पाहिजे इतकं उघडंबोडकं. नेम बाणाच्या टोकानेच धरायचा. मग अंतर कमीजास्त कसं करायचं, तर दोरीवर बोटं खालीवर सरकवून. बाणाच्या नॉकखाली, म्हणजे दोरीत अडकते त्या मागच्या खाचेखाली, किती उतरायचं ते टॅबच्या, म्हणजे बोटांवर घालायच्या पट्टीच्या, शिवणीवर मोजायचं, अंगठ्याचं नख त्या टाक्यावर ठेवायचं, तिथेच दोरीला चिकटवायचं आणि मग टॅब तिथे आणून पकडायची. ५ मीटरला भरपूर खाली, ४५ ला जवळजवळ नॉकला चिकटून. एक टाका इकडेतिकडे झाला तर बाण एका रिंगणातून दुसऱ्यात. आता ही टॅब चामड्याची. दुपारी बारापर्यंत ती टॅब राहिलीच नव्हती, ओली जीभ झाली होती नुसती. चामडं फुगलं, टाके आत बुडाले, मी आपली नखाने चाचपत बसलेय आंधळ्यासारखी, पाच की सहा, पाच की सहा, आणि नख ओल्या दोरीवरून घसरतंय. सुटताना बोटांतून दोरी गुळगुळीत निघायला हवी, तर ती कधी चिकटून राहायची, कधी मी सोडायच्या आधीच निसटायची. एक बाण असा निसटला तो कुठे गेला ते मला आजतागायत माहीत नाही. पानांत असेल. पुरातत्त्ववाल्यांना सापडेल.

आता यावर लोक सांगतील की अगं दुसरी टॅब ठेवायची ना प्लॅस्टिकच्या पिशवीत. ठेवली होती! तिच्यावर टाके वेगळे आहेत, तिचं गणित वेगळं आहे, ती घालून सराव कोण करतं? मीच नाही केला, मान्य. आणि बाणांना मागे पिसं लावली होती, प्लॅस्टिकच्या व्हेन नाही, तेही मान्य, माझीच हौस. कोरड्यात पिसं झकास, धनुष्यावर बाण टेकतो त्या रेस्टला जरा घासलं तरी माफ करतात. पावसात पिसं म्हणजे भिजलेली कोंबडी. ती खास पावडर चोपडून गेले होते, तिसऱ्या टार्गेटपर्यंत टिकली. पिसं दांड्याला चिकटून सपाट झाली की बाण मागून शेपूट हलवत जातो, वळतच नाही सरळ. तर चूक माझी आहे तिथे आहे, पण मग तेच तर म्हणतेय मी, प्लॅस्टिकच्या व्हेनवालीला आणि पिसंवालीला पाऊस सारखा नसतो. चष्मा असलेलीला आणि नसलेलीला सारखा नसतो. हे वाक्य नेमकी म्हणते कोण? बिनचष्म्याची, प्लॅस्टिक व्हेनवाली!

हो, आमच्याच ग्रुपमधली. स्वभावाने वाईट नाहीये ती, पाणी देते, बाण शोधायला पहिली धावते, पण दिवसभर छत्री घेऊन मागे उभी. एका पेगवरून दोघी एकदम मारतात, पेगच्या दोन्ही बाजूंनी. तर आमचं दोघींचं चालू असताना ही मागून आपलेपणाने छत्री पुढे सरकवणार, आणि त्या छत्रीच्या काडीच्या टोकावरून थेंब बरोब्बर माझ्या मानेत. आधी मानेत, मग पाठीतून खाली. पूर्ण खेचलेल्या धनुष्यात. मी म्हटलं, ताई, राहू द्या छत्री. तर म्हणे, "अगं भिजशील." मी काय कोरडी होते का हो?

स्कोअरकार्डचा किस्सा तर ऐकाच. दोघी जणी लिहितात, दोन वेगळी कार्डं, नंतर ताळा जमला पाहिजे, फरक आला तर कमी आकडा धरतात. एक कार्ड पिशवीत होतं, लिहायला बाहेर काढायचं, तेवढ्यात चार थेंब. दहाव्या टार्गेटपर्यंत कागद असा मऊ झाला की पेन टेकवलं की भोक. बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही, पेन्सिल टोचते. एका ठिकाणी ४ चा ९ झाला, आता ९ तर या खेळात नाहीतच! मग खोडून दुरुस्त करायचं तर बाण उपसायच्या आधी चौघींच्या सह्या. चौघी चिखलात उकिडव्या, एकीच्या पाठीवर कार्ड ठेवून सह्या करतोय, अंगठे उठवले असते तर बरं झालं असतं.

आणि या सगळ्याच्या वर तो बाण. दुसरा दिवस, १९ वं टार्गेट, ६० सेंटिमीटरचा फेस, ३० मीटर, अंतर लिहिलेलं, पाऊस जरा ओसरलेला, आणि मी आयुष्यात मारला नसेल असा सुंदर बाण मारला. सुटल्या सुटल्या कळतं ना, तसा. पिवळ्यात. जवळ जाऊन बघतोय तर आतल्या आणि बाहेरच्या पिवळ्याच्या बरोब्बर सीमेवर. नियम काय, दांडा रेषेला टेकला तर वरचे मार्क. टेकलाय का? तर रेषाच नाही! कागदाचा लगदा झालेला, आमच्या आधीच्या ग्रुपांनी बाण उपसून उपसून मधला भाग पार चिंध्या, माझ्या दांड्याजवळ दोन बोटं कागद गायब. मग नियम म्हणतो की कागद नसेल तिथे रेषा कुठून गेली असती ते मनात धरायचं. मनात! माझ्या मनातली रेषा अर्थातच बाणाला टेकून जात होती. छत्रीवालीच्या मनातली रेषा दोन मिलिमीटर आतून जात होती. बाकी दोघी "आम्हाला काही कळत नाही बाई" म्हणून बूट बघत उभ्या. जजला बोलावलं, ते बिचारे भिजत आले, भिंग काढलं, भिंगावर थेंब, पुसलं, परत वाकले. मी श्वास धरून. म्हणाले, ५.

जजचा राग नाही. त्यांच्या मनातही कुठलीतरी रेषा असणारच.

पण मी एका मार्काने खाली राहिले. एका. ज्या ग्रुपला उतारावर ऊन मिळालं त्यातली एक माझ्या वर. त्या निसटलेल्या बाणाचा नुसता १ मिळाला असता तरी बरोबरीत आले असते, हे मला माहितीये, मला कोणी सांगायची गरज नाही, रात्रभर तेच चाललंय डोक्यात. निकाल लावला तिथे उभी होते, केसांतून पाणी गळतंय, हात सुकलेल्या मनुकेसारखे, आणि मागून खांद्यावर हात पडला आणि ते वाक्य आलं. एकविसाव्यांदा. मी हसले. हसलेच चक्क, "हो ना" पण म्हणाले, याचाच जास्त राग येतोय आता.

सध्या किटली लावून बसलेय. चपटी झालेली पिसं वाफेवर धरली की परत उभी राहतात, तेवढी एक गोष्ट अजून माझं ऐकते. बारा बाण होते, एक पानांत गेला, उरले अकरा, एकेकाला तीन म्हणजे तेहतीस पिसं. चौदा झालीत. चष्म्यावर वाफ धरतेय.