भावकीच्या ग्रुपवरचं ‘सोलरचं काळं सत्य’

परवा रात्री मामांचा फोन आला. "त्या सोलरवाल्याला नको म्हणून कळवतोय." महिनाभर आम्ही त्यांच्या स्लॅबची मापं घेत होतो, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते खडूनं आखत होतो, आणि सगळं पाण्यात. कारण काय, तर भावकीच्या ग्रुपवर आलेला ‘सोलरचं काळं सत्य, जास्तीत जास्त पुढे पाठवा’ हा मेसेज. तोच मेसेज मला त्या आठवड्यात आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मेसेजात सहा मुद्दे आहेत. पॅनेलनं कॅन्सर होतो. घरावर सरकारचा बोजा चढतो. महिन्याला ३०० युनिटच्या वर वापर असेल तर नेट मीटरिंग, म्हणजे लाईनला दिलेली युनिटं आपल्या वापरातून वजा करून मिळण्याची सोय, मिळत नाही. उरलेली युनिटं ३१ मार्चला जप्त होतात. बिल शून्य येतच नाही. आणि शेवटचा: "लाईट गेली की सोलरही बंद पडतं, ही कंपन्यांची लबाडी आहे. फिटरला सांगून ते सेटिंग काढून घ्या. अर्जबिर्ज न करता गुपचूप जोडा."

शेवटच्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या पाचांनी पैशांचं नुकसान होईल, यानं माणूस मरेल.

लाईट जाते तेव्हा पुष्कळदा कुठेतरी तार तुटलेली असते. वायरमन येतो, डीपीवरचा, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज काढतो आणि पुढची तार मेलेली आहे असं धरून कामाला लागतो. तुमच्या सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात आणि लाईनवर चालेल अशी करून देणारा डबा, वीज सोडतच राहिला तर ती तार मेलेली नसते. आता कोणी म्हणेल, एका घराचा इन्व्हर्टर अख्ख्या वाडीचा भार काय ओढणार? नाही ओढणार, बहुतेक वेळा ट्रिप होईल. पण तार मध्येच तुटून तुमच्या बाजूला फक्त तुमचं आणि शेजाऱ्याचं घर उरलं, तर तो निवांत चालत राहील. शिवाय डीपी काही एकाच दिशेनं काम करत नाही. खालून २३० व्होल्ट घातले तर वर ११ हजार व्होल्टच्या लाईनवर दाब तयार होतो. लग्नाच्या हॉलवाला जनरेटरला चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर एकच जोडणारा खटका, लावतो तो हौस म्हणून नाही.

म्हणूनच हे ‘सेटिंग’ कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या जोडणीविषयक विनियमांत ते आहे: लाईन बंद झाल्यावर अशा संचानं दोन सेकंदांच्या आत वीज सोडणं थांबवलं पाहिजे. हे काढून देणारा फिटर तुमचा उपकारकर्ता नव्हे, त्याला गेटबाहेर घालवा.

यात अर्धं खरं एवढंच, की लाईट गेल्यावर साधं सोलर बंद पडतं आणि विकणारे हे आधी सांगत नाहीत. मामांनाही एकानं "आता लोडशेडिंगची चिंता सोडा" असं ऐकवलं होतं, त्याचा मला अजून राग आहे. लाईट नसताना चालायला हवं तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो आधी घर लाईनपासून तोडतो, मग घराला वीज देतो. खर्च वाढतो, पण सरळ रस्ता तोच एक.

आणि गुपचूप जोडण्याची गंमत ऐका. बऱ्याच साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरना चोरी पकडण्यासाठी अशी शिकवण दिलेली असते की उलटी गेलेली वीजही ते वापर म्हणूनच मोजतात. म्हणजे दुपारी तुम्ही लाईनला वीज देणार आणि तिचं बिल तुम्हीच भरणार! अर्ज टाळून मिळवायचं तरी काय? केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ला दुरुस्ती झाली. १० किलोवॅटपर्यंतच्या परिपूर्ण अर्जाला तांत्रिक तपासणीची अट उरली नाही, आणि मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट, वाढवायची गरज पडली तर ते काम वीज कंपनीनं करायचं आहे.

३०० युनिटची गोष्ट कुठून आली ते मला ठाऊक आहे. २०१९मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं मसुदा काढला होता, त्यात तशी मर्यादा होती. लोकांनी हरकती घेतल्या, आणि वर्षाअखेरीस अंतिम विनियम आले त्यात नेट मीटरिंग राहिलं. मेसेज लिहिणाऱ्यानं मसुदा वाचला आणि कायदा वाचायचा राहिला.

त्याच विनियमांत ३१ मार्चचं उत्तर आहे. वर्षभर उरलेली युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक राहतील ती वीज कंपनीनं विकत घ्यायची असतात. जप्ती कुठे आली? दर मात्र तुम्ही मोजता त्यापेक्षा बराच कमी मिळतो, हे मान्य. म्हणून कमाईच्या आशेनं गरजेपेक्षा मोठा संच बसवू नका. दिवसाला एका किलोवॅटमागे साधारण चार युनिट धरा, मामांना ३ किलोवॅट पुरे. त्याला केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्याच्या वर संच कितीही वाढवला तरी अनुदान तेवढंच.

बिल शून्य येत नाही? नाहीच येत. स्थिर आकार भरावा लागतो. पण दोन हजारांचं बिल दोनशेवर आलं म्हणून कोणी रडल्याचं मी पाहिलेलं नाही.

बोजा: ३ किलोवॅटपर्यंत सूर्यघर योजनेत बँका विनातारण कर्ज देतात, घर गहाण पडत नाही. कॅन्सर: पॅनेल म्हणजे काच, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन. त्यावर याहून जास्त शाई घालवणार नाही.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते राहू दे. टाकी हलवायची का पॅनेल?" मामा, टाकी. एका पॅनेलवर सावली पडली तर रांगेतल्या बाकीच्यांनाही ती मागे ओढते. रविवारी येतो, प्लंबरला बोलावून ठेवा.