रूळ काढले तर गोष्ट उरत नाही

रेल्वेबांधणीच्या काळातल्या प्रणयकादंबऱ्यांवर एक शेरा वाचकांमध्ये सारखा फिरत असतो: ‘यात इतिहास नुसता नेपथ्यापुरता. रूळ काढा, तिथे गिरणी ठेवा, काही बिघडत नाही. राजकीय कारस्थानं तिखटमीठ लावलेली. आणि त्या काळी असल्या कामांवर बायका होत्याच कुठे?’ तिन्ही मुद्दे मला चुकीचे वाटतात.

नेपथ्याचं आधी. गिरणी एका जागी उभी असते. रेल्वेची लाइन पुढे सरकत असते, आणि ती कुठून जाणार हे जाहीर होईपर्यंत कुणाच्या जमिनीचं सोनं होणार ते बाहेर कुणाला ठाऊक नसतं. म्हणून सर्व्हे करणाऱ्या इंजिनिअरचा नकाशा चोरण्याच्या लायकीचा असतो. नायिका जमीनदाराची मुलगी असेल, तर त्याने तिला एक वाक्य सांगणं ही नोकरीशी बेइमानी आणि न सांगणं ही तिच्याशी. त्यात काम पुढे गेलं की छावणीही उठते, त्यामुळे ताटातूट लेखकाला ओढूनताणून आणावी लागत नाही. हा पेच गिरणीत कुठून आणणार?

आता तिखटमीठ. अमेरिकेच्या 1862 च्या कायद्याने पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतची रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांना सपाटीवर मैलामागे 16,000 डॉलरचे सरकारी रोखे मिळायचे, उंच डोंगरात 48,000. साहजिकच डोंगर जितका लवकर सुरू होईल तितका कंपनीचा फायदा. कॅलिफोर्नियाचे भूगर्भतज्ज्ञ जोसाया व्हिटनी यांनी सिएरा नेवाडा या डोंगररांगेचा पायथा सॅक्रामेंटो शहरापासून जेमतेम सात मैलांवर, आर्केड क्रीकपाशी धरायला हरकत नाही असं मत दिलं, आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1864 मध्ये ते मान्य केलं. डोळ्यांना दिसणारी चढण बरीच पुढे होती. एका सहीने डोंगर सरकतो, हे कुठल्या कादंबरीकाराने रचलेलं नाही.

कॅनडातली गोष्ट तर मला याहून जबरदस्त वाटते. पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड यांनी 1872 च्या निवडणुकीत रेल्वेचा ठेका हवा असलेल्या ह्यू ॲलन यांच्या वकिलाला तार केली: आणखी दहा हजार हवेत. पुढे वकिलाच्या कार्यालयातूनच कागद चोरीला गेले, विरोधकांच्या हाती लागले, वर्तमानपत्रांत छापून आले, आणि नोव्हेंबर 1873 मध्ये मॅक्डोनाल्ड यांना राजीनामा द्यावा लागला. कार्यालयातला माणूस, बंद तिजोरी, एक तार आणि कोसळलेलं सरकार. प्रेमकथा यात घालायला लेखकाला फार काही वाकवावं लागत नाही.

बायकांबद्दलचं विधान तर आपल्याकडच्याच इतिहासाने खोटं ठरतं. बोरघाटाचं काम 1859 मध्ये अडखळत होतं. थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला, पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. मग नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आले आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडलं नाही. दोन जाणकार इंजिनिअर कामावर नेमून तिने ते चालू ठेवलं, आणि 1863 मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. पंचवीस बोगदे, चाळीस हजारांवर मजूर आणि सही एका विधवेची. माती वाहणाऱ्यांतही बायका होत्या. कुटुंबंच्या कुटुंबं कामावर असत. ॲलिससारखी नायिका कादंबरीत आली की ‘त्या काळी हे शक्य नव्हतं’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

शेऱ्यात नसलेली एक तक्रार मात्र मी करेन. यातल्या पुष्कळ कादंबऱ्यांत मजूर म्हणजे मागे हलणारी गर्दी. जून 1867 मध्ये सिएरातल्या हजारो चिनी मजुरांनी वाढीव पगार आणि कमी तास मागत काम थांबवलं. त्याच पॅसिफिक रेल्वेचा हा भाग बांधणाऱ्या कंपनीच्या चार्ल्स क्रॉकर यांनी छावण्यांचा अन्नपुरवठा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. तो हुकूम नायकाच्या हातून लिहिला गेला असेल आणि नायिकेला ते कळलं, तर ती त्याच्याबरोबर राहील का? हे प्रकरण टाळून ‘ऐतिहासिक’ म्हणवणाऱ्या कादंबरीवर कुणी टीका केली, तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन.