खतपेटीचे भागधारक

जुन्या सामानातून एखादी वस्तू बनवली की पैसे वाचतात, असे जे लोक सांगतात, त्यांनी आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कधी जुने सामान मागून पाहिलेले नसावे. पैसे वाचतात, हे खरे आहे. परंतु येथे कोणतीही जुनी वस्तू एकटी येत नाही. तिच्यामागून तिचा मूळ मालक येतो, मालकामागून त्याच्या आठवणी येतात, आणि ती वस्तू कोठे, कशी व कोणत्या तोंडाने बसवावी याविषयीचे त्याचे मत तर वस्तूच्याही आधी येऊन पोहोचलेले असते. आमच्या परसातील कंपोस्टची पेटी अशाच वस्तूंची बनलेली आहे. मी बँकेत नोकरी करत असल्यामुळे माझ्या लवकर ध्यानात आले की, या पेटीची मालकी माझ्याकडे नसून तिचे अनेक भागधारक आहेत आणि त्यांची सर्वसाधारण सभा कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय आमच्या परसात भरू शकते.

मापाच्या बाबतीत मात्र मी कोणाचेही ऐकले नाही. पेटी ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच असावी, तिला तळ नसावा म्हणजे मातीतली गांडुळे आपण होऊन वर येतात, आणि फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवावी म्हणजे ढिगाला वारा मिळतो, एवढे मी आधीच ठरवले होते. ढीग याहून लहान असला तर त्याची ऊब बाहेर निघून जाते, आणि पोटात ५५ अंश सेल्सियसच्या वर उष्णता काही दिवस टिकल्याशिवाय तणांचे बी व रोगजंतू मरत नाहीत.

फळ्यांसाठी मी उद्यमनगर गाठले. तेथील कारखान्यांत यंत्रे आणि सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या बैठकीवरून, येतात, ते सारे पुढे भंगारात जाते. परदेशाहून आलेल्या अशा लाकडावर शिक्का असतो. ‘एचटी’ असे उमटवलेले असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना किमान ३० मिनिटे तापवलेले असते, आणि ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. पहिल्या प्रकारच्या लाकडाला आमच्या ढिगाला येणार होता तेवढा ताप आधीच येऊन गेलेला होता, म्हणून मला तेच हवे होते. मी वाकून प्रत्येक पॅलेटचा शिक्का पाहू लागले, तेव्हा भंगारवाले दादा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “वहिनी, शिक्का मटणावर बघायचा असतोय, खोक्यावर न्हवं.” पैसे त्यांनी फारसे घेतले नाहीत. त्याऐवजी आता ते आमच्या गल्लीतून जाताना गाडा थांबवून आत येतात, पेटीवर थाप मारतात आणि सोबत जो कोणी असेल त्याला “ही आपली फळी” असे सांगतात.

पॅलेट सोडवणे हा स्वतंत्र छळ आहे. त्याचे खिळे पीळदार असतात, ते पकडीला दाद देत नाहीत, आणि जोर केला तर खिळा जागच्या जागी राहून फळीच उभी चिरते. शेवटी दोन फळ्यांच्या सांध्यात ब्लेड घालून खिळेच कापावे लागतात. उरलेले, म्हणजे कसेबसे निघालेले वाकडे खिळे सरळ करण्याचे काम मामंजींनी आपल्याकडे घेतले. ते सकाळी परसातल्या दगडासमोर पाट मांडून बसत आणि एकेक खिळा हातोडीने ठोकून सरळ करत. त्यातला प्रत्येक खिळा फळीत जाताना नेमका पूर्वीच्याच ठिकाणी पुन्हा वाकत असे. शेजारच्या दुकानात नवे खिळे किलोवर मिळतात, असे मी सुचवून पाहिले. “आणा की,” मामंजी शांतपणे म्हणाले, “माझी हरकत नाही. माझ्या माघारी आणा.”

तथापि पेटीचा खरा प्रश्न दाराचा झाला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या चुलत सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, वाडा उतरवायला घेतला होता, आणि त्यांनी मोठ्या मनाने माजघराचे सागवानी दार देऊ केले. त्याला कधी रंग लागलेला नव्हता, केवळ तेलपाणी झालेले होते, त्यामुळे माझ्या दृष्टीने ते उत्तम लाकूड होते. मी सुताराला आखणी करायला सांगितली, तोच आबा स्वतः हजर झाले. “दार कापायचं? ह्या दारातनं तुमच्या चुलत सासूबाई माप ओलांडून आल्यात.” सुताराने करवत खाली ठेवली, कारण त्याच्याही आईला त्या वाड्यात काम होते. परिणामी, ३ फूट उंचीच्या पेटीपुढे आज ६ फूट उंचीचे, कडी-कोयंड्यासह अख्खे दार उभे आहे. खत काढण्यासाठी समोरच्या फळ्या खाचेतून वर सरकवायच्या असतात, आणि तेथे पोहोचण्यासाठी आधी हे दार उघडावे लागते. आबा दर रविवारी येतात, कडी लावून पाहतात, बिजागऱ्यांना तेल दिले आहे का ते विचारतात आणि खुर्ची मागवून दारासमोर बसतात. नवखे पाहुणे त्या दाराकडे पाहून, मागे कोण भाडेकरू ठेवला आहे, असे विचारतात.

छपराची कौले पलीकडच्या काकूंची आहेत. कोल्हापूरचा जून-जुलैचा पाऊस उघड्या ढिगावर पडला तर आतली हवा कोंडते आणि खताऐवजी दुर्गंधी तयार होते. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतकाच असावा लागतो. काकूंनी कौलांबरोबर एक हिरवी रंगवलेली खिडकीही पाठवली होती. ती मी परत केली, कारण घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली आणि ती खिडकी त्याच्या फार पूर्वीची होती. भाजीच्या वाफ्यात शिसे उतरू नये, एवढाच माझा हेतू होता. परंतु आपल्या खिडकीत विष आहे असे मी म्हटल्याचे काकूंपर्यंत पोहोचले, आणि त्या महिनाभर कौले मोजून जात होत्या.

कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत. त्यांनी पेटीला काहीही दिलेले नाही, तरी सभेत सर्वांत दीर्घ भाषण त्यांचेच असते. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली ती खड्ड्यांनी आणि ढिगांनी, पेटीबिटी काही केली नाही, असे ते सांगतात. आणि हौदच हवा असेल तर पुसदच्या पांढरीपांडे यांचा नाडेप हौद बांधावा, भिंतींत भोके ठेवलेला, विटांचा, १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच, असा त्यांचा आग्रह आहे. तो हौद आमच्या परसात बांधायचा तर न्हाणीघर पाडावे लागेल, हे मी त्यांना दाखवून दिले. त्यालाही त्यांची हरकत नव्हती.

भरण्याचे काम त्यामानाने सोपे गेले. एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब असे प्रमाण राखायचे, म्हणजे भाजीच्या देठांवर आणि आंब्याच्या सालींवर कोरड्याचा जाड थर द्यायचा, आणि उसाच्या मुलखात कोरड्याला काय तोटा! पाचट शिवारातून आले, चिपाडे रसवंतीवाल्याने पोत्याने दिली, आणि त्यांच्याबरोबर पेठेतल्या समस्त मुंग्या आल्या. वाद झाला तो रविवारी. मटणाची हाडे पेटीत टाकायची नाहीत, घुशी आणि कुत्री येतात, असे मी जाहीर केले, तेव्हा आत्या पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “कोल्हापुरात ऱ्हाऊन माळकरी पेटी बांधलीस व्हय?”

दिवाळीच्या सुमारास खत तयार झाले. काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचे. पेटी गळ्यापर्यंत भरली होती, पण कुजताना ढीग निम्म्याहून अधिक खाली बसतो, ही गोष्ट भागधारकांना पटवणे अशक्य झाले. भंगारवाले दादा डबा घेऊन आले. काकूंनी कौलांच्या संख्येवर हिस्सा मागितला, आणि खिडकी घेतली असती तर आणखी किती आला असता तेही सांगितले. आबांनी दाराची उंची धरून दोन पोती नेली. मामंजींनी खिळ्यांचा हिशेब लिहून ठेवला होता. माझ्या वाट्याला चाळणीवर राहिलेले चोथे आणि आंब्याच्या कोयी आल्या.

पोती पोहोचल्याचे सांगायला आबांचा फोन आला. खत झकास आहे, म्हणाले. वाड्याचा जिनाही आता उतरवला आहे, पायऱ्या अस्सल सागवानी आहेत, आणि दुसऱ्या पेटीसाठी म्हणून त्यांनी तो परस्पर पाठवूनही दिला होता. “टेंपो मिरजकर तिकटीपर्यंत आला असंल. दार उघडं ठेवा.”

कोणते दार, असे मी विचारले.

“आमचं,” आबा म्हणाले.