‘हलकी’ लिनक्स म्हणजे नेमकी किती हलकी?

जुन्या संगणकासाठी हलकी लिनक्स, म्हणजे या कार्यप्रणालीचे कमी ताकदीच्या यंत्रावर चालणारे वितरण (तयार रूप), कोणती, असे विचारले की उत्तरात बहुधा आयएसओ फाइलचा, म्हणजे ती इन्स्टॉल करण्यासाठी उतरवून घ्यायच्या फाइलचा, आकार सांगितला जातो. हे माप मला अपुरे वाटते. टायनी कोअर लिनक्स पंचवीसेक एमबीत मावते आणि त्यामागच्या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण तिच्यात ब्राउझर घालून दोन-तीन संकेतस्थळे उघडली की एक जीबी रॅमच्या यंत्राची व्हायची ती घुसमट होतेच. डॅम स्मॉल लिनक्स बिझनेस कार्डएवढ्या सीडीवर मावावी म्हणून जॉन अँड्रूज यांनी तिला ५० एमबीची मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये त्यांनी ती नव्याने आणली, तेव्हा मर्यादा ठेवली एका साध्या सीडीची, म्हणजे ७०० एमबीची, कारण आजचा पूर्ण ब्राउझर एकटाच ५० एमबीत बसत नाही.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली पपी लिनक्स मला अधिक विचारपूर्वक रचलेली वाटते. तिची मूळ प्रणाली स्क्वॅशएफएस पद्धतीने दाबलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते. पुरेशी रॅम असल्यास ती फाइल सुरुवातीलाच रॅममध्ये उतरवली जाते आणि आपण केलेले बदल तिच्यावर वेगळ्या थरात साठतात. पेन ड्राइव्हवरून चालवताना हे बदल आधी रॅममध्ये राहतात आणि ठरावीक वेळाने किंवा संगणक बंद करताना एकदम पेन ड्राइव्हवर उतरवता येतात. फ्लॅश मेमरी किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असते, हे ओळखून केलेली ही सोय आहे. संपूर्ण वितरण पेन ड्राइव्हवर नेहमीसारखे इन्स्टॉल करून हळू चालते म्हणून कंटाळणाऱ्यांनी हा फरक जरूर समजून घ्यावा.

माझ्या दोन जीबी रॅमच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी झाल्यावर मी ती काढून टाकली आणि पपीवर मराठी लेखन सुरू ठेवले. देवनागरीसाठी लोहित फाँट तेवढा वेगळा घालावा लागला. मात्र पपीत वापरकर्ता मुळातच रूट, म्हणजे प्रणालीत काहीही बदलण्याचे सर्व अधिकार असलेला, असतो, त्यामुळे बँकेचे व्यवहार मी तिच्यावर करत नाही.

खरी चिंता ३२-बिट यंत्रांची, म्हणजे आजच्या ६४-बिट प्रोसेसरआधीच्या जुन्या प्रोसेसरवर चालणाऱ्या संगणकांची, आहे. क्रोमने ३२-बिट लिनक्सचा आधार २०१६ मध्येच काढला, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स वितरणामध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि त्याच वर्षी फायरफॉक्सनेही १४५व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडले. ब्राउझरच मिळेनासा झाला, तर वितरण कितीही हलके असले तरी घरातल्या माणसाला त्याचा उपयोग उरत नाही. तरीही संगणक भंगारात देण्यापूर्वी एकदा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट हे सांगणारी आज्ञा चालवून पाहा. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातली कितीतरी यंत्रे ३२-बिट विंडोजसह विकली गेली, पण त्यांचा प्रोसेसर ६४-बिट आहे.