दहा बोटांना सुई टोचायचा तो मेसेज आमच्या घरापर्यंत आलाय

परवा रविवारी बहिणीकडे तासगावला गेले होते. चहा टाकायला साखरेचा डबा काढला तर मागे एक छोटी स्टीलची डबी दिसली, आत शिवणाच्या सात-आठ सुया आणि काडेपेटी. हे काय म्हणून विचारलं तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं राहू दे ती तिथेच, हिला परत काही झालं तर हाताशी असावी, ग्रुपवर आलंय ना." मी त्यांचा मोबाईल मागून घेतला, मेसेज वाचला आणि खरं सांगते, हात थरथरायला लागले माझे.

कारण माझ्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, येऊन गेलाय, तेव्हा ती ३२ वर्षांची होती. बीपी नाही, शुगर नाही, कसलं व्यसन नाही. आणि त्या दिवशी जो वेळ वाया गेला त्याची किंमत ती आजही मोजतेय.

मेसेज थोडक्यात असा. चाळिशीच्या आत झटका येत नाही, हल्ली येतोय तो कोविडच्या लसीमुळेच. ईसीजी नॉर्मल असेल तर मेंदूला धोका नाही. आंघोळीला आधी डोक्यावर पाणी घेतल्याने बाथरूममध्ये झटका येतो. आणि झटका आलाच तर पेशंटला अजिबात हलवू नका, मेंदूतल्या बारीक नसा फुटतील, सुई तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा, थेंब थेंब रक्त काढा, तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि पाळ्यांनाही टोचा, पेशंट नीट शुद्धीवर आला की मगच दवाखान्यात न्या. खाली हात जोडलेले आणि "एक जीव वाचवा, दहा जणांना पाठवा".

सुईपासूनच सुरू करते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी गैरसमज होतील, याने माणूस कायमचा अपंग होईल किंवा जाईल. ही सुईची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपच्याही आधीची आहे, इंग्रजीत ईमेलवर फिरायची, चिनी उपाय म्हणून. आता मराठीत आली आणि शेवटी काडेपेटीसकट आमच्या साखरेच्या डब्यामागे येऊन बसली.

मुळात स्ट्रोक म्हणजे काय ते बघा. दहातल्या आठ-साडेआठ जणांत नस फुटलेली नसते, तुंबलेली असते, रक्ताची गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त जात नाही. उरलेल्यांत नस फुटून रक्तस्राव होतो. आता गुठळी अडकलीय कवटीच्या आत आणि तुम्ही थेंब काढताय करंगळीच्या टोकातून, त्याने ती गुठळी हलणार कशी? आणि नस फुटली असेल तर बोटातून रक्त काढून ती बुजणार कशी? मग लोक सांगतात की आमच्या शेजारच्यांना फरक पडला. पडला असेलही, कारण काही वेळा गुठळी आपोआप विरघळते आणि तोंड-हात पाच-दहा मिनिटांत पूर्ववत होतात. त्याला मिनी स्ट्रोक म्हणतात, पुढे मोठा येऊ शकतो याची ती सूचना असते. श्रेय मात्र सुईला मिळतं, आणि माणूस "बरा झाला" म्हणून दवाखान्यात जातच नाही.

आणि "हलवू नका, थांबा" हे तर सुईपेक्षा भयंकर. रक्त बंद झालं की दर मिनिटाला मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी मरतात, २००६ साली जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने हा हिशेब मांडला होता. दहा बोटं, दोन कान, सुई तापवायची, मग शुद्धीची वाट बघायची, यात अर्धा तास सहज जातो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री केल्यावरच. मोठी नस बंद असेल तर तार घालून गुठळी काढतात, त्याला सहा तास, निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत मुभा असते, पण तिथेही जेवढं लवकर तेवढं बरं. यातलं काहीही घरी होत नाही. पेशंटला हलवावंच लागतं.

आमच्याकडे सुई नव्हती तरी वेळ गेलाच. सकाळी सात वाजता बहिणीच्या हातातून पातेलं पडलं, उजवा हात उचलेना, बोलायला गेली तर शब्द भलतेच. सगळ्यांना वाटलं उपास होता, अशक्तपणा असेल. जवळच्या एका डॉक्टरांनीही विकनेस म्हणून सलाईन लावलं, तरण्या पोरीला काय होतंय म्हणाले. अकरा वाजेपर्यंत ती तिथेच पडून. मिरजेला पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते, म्हणजे पाच तासांच्या वर, आणि बंद झालेली नस बारीक फांदी होती म्हणून तारेचाही उपयोग नव्हता. तासगाव ते मिरज गाडीने पाऊण-एक तास. सरळ तिकडेच गेलो असतो तर आठ-सव्वाआठला पोचलो असतो. ती आता चालते, शाळेत शिकवायला पण जाते, पण दमली की "पातेलं" हा शब्दच तिला सापडत नाही, "ते... ते दुधाचं" म्हणते आणि डोळे भरून येतात तिचे.

आता "चाळिशीच्या आत येत नाही". जगभरच्या आकडेवारीत साधारण १० ते १५ टक्के स्ट्रोक पन्नाशीच्या आतल्या माणसांना होतात. आपल्याकडे पूर्वी तरण्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं म्हणायचे ते हेच असायचं बरेचदा. फरक एवढाच की तरुणांमध्ये कारणं जरा वेगळी सापडतात आणि ती शोधावी लागतात.

बहिणीचं कारण हृदयात निघालं, म्हणून ईसीजीवाला मुद्दा मला जास्त लागला. तिचा ईसीजी नॉर्मल होता, साधा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही नॉर्मल. मग मिरजेच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून इको केला आणि बबल टेस्ट केली, म्हणजे हाताच्या शिरेतून बारीक बुडबुडे असलेलं सलाईन सोडतात, पेशंटला कुंथायला लावतात आणि ते बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे जातात का ते बघतात. तिचे गेले, भरपूर गेले. आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसं काम करत नसतात, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट असते, जन्मानंतर तिचा पडदा चिकटून ती बंद होते. साधारण चारातल्या एका माणसात तो पूर्ण चिकटतच नाही, झडपेसारखा राहतो. या उघड्या राहिलेल्या भोकाला पीएफओ म्हणतात. एरवी पायाच्या शिरेत झालेली छोटी गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते, ही झडप उघडली तर तीच गुठळी डावीकडे जाऊन थेट मेंदूत पोचू शकते. बाळ निळं पडत नाही, धाप लागत नाही, आयुष्यभर काही कळत नाही.

अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू टेडी ब्रुस्की, ३१ वर्षांचा, २००५ साली सुपर बोल जिंकल्यावर दहा-बारा दिवसांत स्ट्रोक, कारण हेच. मॉडेल हेली बीबर, २५ वर्षांची, २०२२ मध्ये मिनी स्ट्रोक, कारण हेच, तिने स्वतः व्हिडिओ करून सगळं सांगितलं होतं. असल्या फिट माणसांना होतं तर ईसीजीच्या एका कागदावर काय विसंबायचं?

पण म्हणून सगळ्यांनी उठून बबल टेस्ट करायला पळू नका, चारात एकाला असतं म्हणजे बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. ज्याला स्ट्रोक होऊन गेलाय, वय साठच्या आत आहे आणि दुसरं कारण सापडत नाही, त्याच्यासाठी हा प्रश्न येतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१७ च्या सप्टेंबरमध्ये क्लोज नावाचा फ्रेंच अभ्यास आला, १६ ते ६० वयाचे पेशंट, भोक मोठं किंवा पडदा जास्त हलणारा. भोक बंद केलेल्या २३८ जणांत साधारण पाच वर्षांत एकालाही परत स्ट्रोक झाला नाही, नुसत्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांवरच्या २३५ जणांत १४ जणांना झाला. बंद केलेल्यांत काहींना हृदयाचे ठोके अनियमित झाले, तोही धोका लिहिलाय. बहिणीचं जांघेतल्या शिरेतून छत्रीसारखं डिव्हाईस घालून बंद केलं, दुसऱ्या दिवशी घरी. हा अभ्यास मी काकूंना, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंना, समोर बसवून समजावून सांगितला, कारण त्यांना वाटत होतं की सुनेला आता आयुष्यभर कधीही होऊ शकतं आणि हातात फक्त सुई आहे.

बाकी कारणंही सांगून टाकते, घाईत सांगते पण लक्षात ठेवा. लहानपणी घसा आणि सांधे दुखून ताप येतो, त्यात हृदयाची झडप खराब होते आणि तिशीत गुठळी सुटते, आपल्याकडे हे अजूनही आहे. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेता, त्याने मानेतली नस आतून चिरू शकते, तेवढं तरी बंद करा. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांना स्ट्रोक होतो. आणि बाळंतीण! ओली बाळंतीण म्हणून पाणी तोडायचं ही पद्धत कृपा करून थांबवा, बाळंतपणानंतर रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं, त्यात पाणी कमी पडलं की मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला मनाने हार्मोनच्या गोळ्या घेतात त्याही डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. बाळंतपणानंतर डोकं सतत भयंकर दुखत असेल, फिट आली तर ते "बाधलंय" नसतं.

लसीचं. यात एक कण खरा आहे आणि तो नाकारणार नाही. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीने, म्हणजे आपली कोविशील्ड तीच, फार क्वचित काही लोकांत मेंदूच्या शिरेत गुठळ्या झाल्या आणि काही जण गेलेही, युरोपच्या औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ ला तसं जाहीर केलं. पण ते लस घेतल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत होतं, सोबत प्लेटलेट घटतात, त्याची वेगळी तपासणी आहे. वर्षं उलटून गेल्यावर होणारा प्रत्येक झटका त्या खात्यात टाकलात तर खरं कारण कोणी शोधणारच नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत लस म्हणून सोडून दिलं असतं तर ते भोक उघडंच राहिलं असतं.

बाथरूमचं तर काय बोलू. आधी पायावर पाणी की डोक्यावर, त्याने मेंदूची नस फुटत नाही. पहाटे बीपी वाढलेलं असतं, थंडीत अजून वाढतं, आणि पीएफओ असेल तर संडासला जोरात कुंथताना ती झडप उघडू शकते, त्या टेस्टमध्ये कुंथायला लावतात ते म्हणूनच. एवढाच संबंध. बद्धकोष्ठावर उपाय करा, तांब्या कुठे आधी ओतायचा ते सोडा.

सुयांची डबी मी घेऊन आलेय. त्या जागी बहिणीने स्वतः कागद लिहून चिकटवलाय, उजव्या हाताने, हळूहळू लिहिलाय: तोंड वाकडं, हात पडला, बोलणं बिघडलं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. शेवटचं नीट कधी होती ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर तेच पहिलं विचारतात. तोंडात पाणी, औषध, काही घालू नका, अ‍ॅस्पिरिनसुद्धा नाही, रक्तस्राव असेल तर तीच घातक. सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन असलेल्या हॉस्पिटललाच न्या, मधे कुठे थांबू नका. खाली मिरजेच्या हॉस्पिटलचा नंबर.

काकूंनी कागद वाचला, मान डोलावली, ग्रुपवरचा मेसेजही माझ्यासमोर काढून टाकला. पण त्यांनी तो आधीच माहेरच्या ग्रुपवर पाठवलाय, तिथे ४३ माणसं आहेत. त्यातल्या कोणाच्या हाती हे पडलं तर बरं, म्हणून लिहिलंय.