“आपल्या स्किनला तीनच शेड पुरतात” म्हणे!

सध्या नाशिकच्या लेडीज ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं की चाळीस-पन्नास शेडचं फाउंडेशन म्हणजे कंपन्यांचं फॅड, आपल्याकडे फेअर, मीडियम आणि डस्की एवढ्यावर भागतं, शेड मनगटावर लावून बघा, कन्सीलर (डाग आणि डोळ्यांखालचं काळं झाकायचं क्रीम) दोन शेड उजळ घ्या आणि एकदा नंबर कळला की कुठल्याही ब्रँडचा तोच नंबर मागवा. मी लग्नाचे मेकअप करते, सिन्नर-दिंडोरी-ओझरपर्यंत जाते, आणि आता ब्राइडच मला हा मेसेज पाठवून “ताई, मग एवढ्या बाटल्या कशाला?” विचारतायत, म्हणून लिहितेय.

तीन शेडचं आधी बघू. रंगाला नुसती गडद-उजळ अशी एकच बाजू नसते हो, खाली अंडरटोन असतो, कुणाचा पिवळसर, कुणाचा लालसर, कुणाचा हिरवट झाक असलेला ऑलिव्ह. मध्यंतरी दोघी सख्ख्या बहिणी बसल्या होत्या समोर, दोघी सारख्याच गव्हाळ, एकीला सोनेरी शेड लावली तर त्वचेत विरघळून गेली आणि तीच दुसरीच्या गालावर नारिंगी पट्टा होऊन बसली कारण तिचा टोन ऑलिव्ह. आता मेसेजवाल्यांच्या हिशोबाने दोघी ‘मीडियम’. डॉक्टर लोक वापरतात ती फिट्झपॅट्रिक स्केल 1975 ची, तिच्यात सहा प्रकार आहेत, पण ती उन्हात कातडी भाजते की काळवंडते हे बघायला केलेली, मेकअपसाठी नाही. 2022 मध्ये गूगलने आणलेल्या मंक स्केलमध्ये दहा टोन आहेत, तरी अंडरटोनचा प्रश्न उरतोच.

‘चाळीस शेड म्हणजे मार्केटिंग’ यात मात्र थोडं तथ्य आहे. फेंटी ब्यूटीने 2017 च्या सप्टेंबरमध्ये चाळीस शेड एकदम बाजारात आणल्या, त्यानंतर सगळेच आकडा मिरवायला लागले. पण आकडा मोजून काय करायचं, त्या शेड कुठे पडल्यात ते बघा ना. चाळीसमधल्या पंचवीस गोऱ्या रंगातच दाटीवाटीने बसवल्या आणि सावळ्यापासून गडद काळ्यापर्यंत चार-पाच टाकल्या की झाली मोठी रेंज! टार्ट ब्रँडच्या शेप टेप फाउंडेशनवर 2018 च्या सुरुवातीला ओरड झाली ती यावरूनच, गडद शेड अगदीच थोड्या. आणि गडद शेड म्हणजे मीडियममध्ये काळा रंग ओतणं नव्हे. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा आणि आयर्न ऑक्साइडचे पिवळा, लाल, काळा, यांचं प्रमाण प्रत्येक शेडला नव्याने बसवावं लागतं, लाल-पिवळा कमी पडला की सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं, मग पार्लरवाली म्हणते तुमची स्किनच डल आहे. स्किन डल नाहीये बाई, बाटली चुकलीये.

मनगटाचं तर विचारूच नका. आपल्याकडच्या निम्म्या मुली स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवतात, चेहरा झाकलेला, हात उन्हात, गळा तिसऱ्याच रंगाचा. जबड्याच्या कडेला जवळजवळच्या दोन-तीन शेडचे पट्टे मानेपर्यंत ओढा, दुकानाच्या पिवळ्या लाइटमधून बाहेर दिवसाच्या उजेडात या आणि थोडं थांबा, कारण बऱ्याच फाउंडेशनांचा रंग चेहऱ्याच्या तेलात मिसळून जरा गडद होतो.

कन्सीलर दोन शेड उजळ, हा सल्ला सगळ्यात जास्त नडतो. आपल्या डोळ्यांखालचं काळं बहुतेक वेळा तपकिरी-निळसर असतं, त्यावर थेट उजळ रंग चढवला की राखाडी दिसतो आणि फोटोत उलट्या चष्म्यासारखे पांढरे गोल. आधी पीच, रंग जास्त गडद असेल तर नारिंगी करेक्टर (काळेपणाचा रंग मारणारं क्रीम) पातळ लावायचा, मग आपल्या फाउंडेशनच्या शेडचा किंवा फार तर एक शेड उजळ कन्सीलर. मुरमाच्या डागावर तर उजळ अजिबात नको, डाग झाकायचा सोडून त्याच्यावर बल्ब लागतो. त्यात कन्सीलरची रेंज बऱ्याचदा फाउंडेशनपेक्षा छोटी असते, म्हणजे फाउंडेशन मिळालं तरी त्याच गडद शेडचा कन्सीलर मिळेल याची खात्री नाही, विकत घेताना दोन्ही एकदम बघा.

नंबर सगळीकडे सारखा? नाही. मॅक ब्रँडमध्ये एनसी ही शेड सोनेरी-पिवळसर त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर त्वचेसाठी, सी म्हणजे कूल आणि डब्ल्यू म्हणजे वॉर्म या अक्षरांवरून बऱ्याच जणी नेमकं उलट समजतात. मेबलिनच्या फिट मीचे 128, 230, 310 हे आकडे त्यांचे स्वतःचे, दुसरीकडे त्यांना काही अर्थ नाही.

एक मात्र खरं, आपल्या दुकानांत रेंज कागदावर असते आणि शेल्फवर मधल्या चार-पाच शेड. मेन रोडला काय नि कॉलेज रोडला काय, गडद शेड मागितली की ‘ती खपत नाही’ हे ठरलेलं उत्तर. मग विचारायचं, शेवटची मागवली कधी होती? आणि टेस्टर तरी आहे का तिचा?