त्या गरुडाचं काय करायचं?

नमस्कार. माझ्या लिखाणावर इतकी मनापासून लिहिलेली प्रतिक्रिया दोन ओळींत उरकणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं असं, की फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशेचं १७६३ चं ज्युपिटर-कॅलिस्टोचं चित्र (न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं; रोमन देवांचा राजा ज्युपिटर डायाना देवीचं रूप घेऊन तिच्या सखीला, कॅलिस्टोला, फसवतो ती कथा) श्रीमंतांच्या दालनाची शोभा म्हणून काढलेलं आहे. दोन सुंदर स्त्रिया, वर गुबगुबीत बाळं, कोवळे रंग, बस्स. फसवणूक आणि बळजबरी मी पदरची घातली, आजचे विचार अठराव्या शतकावर लादले.

शोभेचं चित्र आहे, कबूल. फ्रेंच लेखक आणि कलासमीक्षक दिदरोने तर बूशेबद्दल १७६१ मध्येच लिहून ठेवलंय, की या माणसाकडे सगळं आहे, फक्त सत्य नाही. पण मग मागे सावलीत बसलेल्या त्या गरुडाचं काय करायचं? डायानाजवळ गरुडाचं काहीच काम नाही, तो ज्युपिटरचा. तो हाताने झाकून पाहा. कपाळावर चंद्रकोर असलेली देवी आणि तिची सखी, एवढंच उरतं. बूशेने तो काढला, कारण देवीच्या रूपात कोण आलंय हे आपल्याला कळायला हवं होतं. कॅलिस्टोला ते कळत नाही. चित्राची सगळी लज्जत या फरकात आहे, आणि पाहणारा त्यात ज्युपिटरच्या बाजूला उभा राहतो.

राहिला 'आजच्या विचारांचा' मुद्दा. ही कथा रोमन कवी ओव्हिडने इसवी सन ८ च्या सुमारास सांगितली. त्यात कॅलिस्टो समोरच्या 'डायाना'ला म्हणते, तू ज्युपिटरहून थोर आहेस, त्याने ऐकलं तरी मी हेच म्हणेन. तो ऐकतो आणि हसतो. मग चुंबनं, मग मिठी, आणि ती अंगातलं सगळं बळ लावून झगडते. पुढे खरी डायाना हाक मारते तेव्हा कॅलिस्टो आधी पळते. हिच्यातही तोच असेल, अशी तिला धास्ती. हे वाचून माझा तर जीव कळवळतो. दिवस गेल्याचं उघड होताच देवी तिला हाकलते आणि ज्युपिटरची बायको जूनो तिचं अस्वल करते. बूशेच्या गिऱ्हाइकांना हे सगळं ठाऊक होतं.

सोळाव्या शतकातल्या टिशियन या इटालियन चित्रकाराने याच कथेतला दुसरा क्षण निवडला: सख्या कॅलिस्टोचे कपडे ओढताहेत, डायाना बोट रोखून उभी. बूशे मात्र १७४४ पासून १७६९ पर्यंत पुन्हा पुन्हा त्या लाडिगोडीकडेच वळला. त्याला निषेध करायचा होता, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. त्याला यात काही खुपलंच नाही, हीच माझी तक्रार आहे.

तुम्हाला कॅलिस्टोच्या नजरेत प्रेम दिसलं. मला विश्वास दिसतो. समोर आपली देवी आहे असं समजणारी मुलगी आणखी कशी पाहणार?